वर्षातला एक रविवार ब्रायडलवेसाठी द्या: ब्रिटनमधल्या मराठी मंडळांना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
ब्रिटनमधली मराठी मंडळं

सप्रेम नमस्कार.

पुढच्या वर्षाचे कार्यक्रम ठरवायला आपण बसाल तेव्हा संक्रांत, पाडवा, गणपती, कोजागरी, दिवाळी यांच्या तारखा आधी पडतील. मग एखादं नाटक, क्रिकेटचे सामने, उन्हाळ्यातली सहल. त्या यादीत मला एक रविवार मागायचा आहे. एप्रिलच्या शेवटी किंवा मे महिन्यात, सायकली घेऊन, सहकुटुंब, ब्रायडलवेवर. मी रेडिंगला राहतो आणि बरीच वर्षं या वाटांवर सायकल चालवतो. तिथे शनिवार-रविवारी घोडेवाले भेटतात, कुत्री घेऊन निघालेली आजी-आजोबा मंडळी भेटतात, शाळकरी पोरांची टोळकी भेटतात. आपली माणसं जवळजवळ कधीच भेटत नाहीत. ज्या देशात आपण कर भरतो, घरं घेतो, मुलं वाढवतो, तिथला हा एवढा मोठा हक्क आपण न वापरता सोडून दिला आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हे पत्र.

ब्रायडलवे म्हणजे घोड्यावरून जायची सार्वजनिक वाट. इंग्लंड आणि वेल्समध्ये सार्वजनिक हक्काच्या वाटांचं सुमारे २,२५,००० किलोमीटरचं जाळं आहे. त्यातल्या बहुतेक वाटा फुटपाथ, म्हणजे फक्त चालणाऱ्यांसाठी. त्यांच्यावर पिवळा बाण असतो. निळा बाण दिसला की ब्रायडलवे: तिथे चालता येतं, घोडा नेता येतो आणि सायकलही. जांभळट बाणाची रिस्ट्रिक्टेड बायवे आणि लाल बाणाची बायवे यांवरही सायकल चालते. या वाटा खासगी शेतांमधून, कुरणांमधून, रानातून जातात. जमीन शेतकऱ्याची, जाण्याचा हक्क सगळ्यांचा.

सायकलला हा हक्क १९६८ च्या कंट्रीसाइड अॅक्टने दिला, कलम ३०. त्याच कलमात दोन अटी आहेत आणि त्या पाठ असायला हव्यात. पहिली, सायकलवाल्याने चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी जाऊ द्यायचं. दुसरी, सायकलवाल्याच्या सोयीसाठी वाट सुधारून देण्याचं बंधन कुणावरही नाही. वाट जशी असेल तशी: चिखलाची, खड्ड्यांची, गवत माजलेली. शिवाय ब्रायडलवेवर सायकलींची शर्यत लावणं गुन्हा आहे. त्यामुळे या दिवसाला करंडक, वेळ नोंदवणं, पहिला-दुसरा नंबर यातलं काही जोडू नका अशी माझी आधीच विनंती. आपल्या मंडळांत खेळ म्हटलं की लीग सुरू होते आणि पंचविशीतले चार-दोन मुलगे सोडून बाकी सगळे खुर्च्यांवर बसतात. इथे तसं व्हायला नको.

माझे वडील साताऱ्याकडचे शेतकरी. ते इकडे आले होते तेव्हा त्यांना अशाच एका वाटेवर फिरायला नेलं. गव्हाच्या उभ्या शेतातून मधोमध पट्टा मोकळा ठेवलेला होता, दोन सायकली शेजारी-शेजारी जातील एवढा. ते थांबले आणि म्हणाले, "मालक काही बोलत नाही?" मी सांगितलं की इथल्या कायद्याप्रमाणे शेतातून जाणारी ब्रायडलवे नांगरली तर शेतकऱ्याला ती ठरलेल्या मुदतीत पुन्हा मोकळी करून द्यावी लागते, किमान दोन मीटर रुंद. पहिल्या नांगरटीला चौदा दिवस, त्यानंतरच्या मशागतीला चोवीस तास. बांधाच्या कडेने जाणारी असेल तर ती नांगरताच येत नाही. वडिलांनी आयुष्यभर पाणंदीवरून झालेली भांडणं पाहिली आहेत. वहिवाटीच्या रस्त्यासाठी तहसीलदाराकडे घातलेले हेलपाटे, अडवलेली बैलगाडी, तुटलेली भावकी, सगळं. ते बराच वेळ त्या पट्ट्याकडे बघत उभे राहिले. नंतर घरी येऊन फोनवर गावाकडच्या प्रत्येकाला त्यांनी या वाटेबद्दलच सांगितलं, लंडन ब्रिजबद्दल एक शब्द नाही. गावाची ओढ असलेल्या मराठी माणसाला इथलं काय दाखवावं, याचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं.

आपण मात्र काय करतो? बँक हॉलिडे आला की पाच-सहा तास गाडी हाकून लेक डिस्ट्रिक्ट, नाहीतर स्नोडनच्या शिखरावरची रांग. मी त्याला नावं ठेवत नाही, डोंगर डोंगरच असतो. पण स्लाव, रेडिंग, हॅरो, मिल्टन कीन्स इथे राहणाऱ्या हजारो मराठी घरांच्या दाराशी चिल्टर्न्स आणि बर्कशायर डाउन्ससारखा चढ-उताराचा प्रदेश आहे. फार उंच काही नाही. एक टेकाड चढावं, पलीकडे उतरावं, ओढा ओलांडावा, पुन्हा दुसरं टेकाड. मिल्टन कीन्सकरांच्या तर शहरातूनच स्वान्स वे जाते, नॉर्थहॅम्प्टनशायरमधल्या साल्सी फॉरेस्टपासून थेम्सकाठच्या गोरिंगपर्यंत सुमारे १०५ किलोमीटरची, घोड्यांसाठी आखलेली वाट. तिथल्या किती जणांना हे माहीत आहे?

न जाण्याचं कारण आळस नाही, हे मला ठाऊक आहे. मी अनेकांशी बोललो आहे. कारण संकोच आहे. चालता चालता फाटक लागतं, पलीकडे गाई, दूर एक मोठं घर. मनात येतं, हे कुणाचं तरी आहे, आपण आत शिरलो तर कोणी ओरडेल, पोरांसमोर अपमान होईल. २०१९ मध्ये ज्युलियन ग्लोव्हर यांच्या समितीने सरकारला दिलेल्या अहवालातही हेच निदान होतं की राष्ट्रीय उद्यानं आणि संरक्षित निसर्गप्रदेशांपर्यंत अल्पसंख्याक समाजातली माणसं फारच कमी पोचतात. हा संकोच एकट्या कुटुंबाला मोडता येत नाही. वीस जणांच्या गटाला, वाट माहीत असलेला एकजण पुढे असताना, तो एका सकाळीत मोडतो. नंतर ते कुटुंब आपलं आपण जातं. मंडळाचं काम एवढंच आहे आणि ते मंडळाशिवाय दुसरं कोणी करणार नाही.

जागा मी सुचवतो. गोरिंग अँड स्ट्रीटली स्टेशन, रेडिंगहून रेल्वेने साधारण पाव तास. स्टेशनवरून थेम्सचा पूल ओलांडला की स्ट्रीटली. गावातून वर चढून थोडं मोठ्या रस्त्याने गेलं की डावीकडे रेक्टरी रोड लागतो. ही डांबरी गल्ली पुढे गाड्यांसाठी संपते आणि तिथून रिजवेची कच्ची वाट सुरू होते. रिजवे हा एकूण १३९ किलोमीटरचा मार्ग, एव्हबरीजवळच्या ओव्हर्टन हिलपासून आयव्हिंगो बीकनपर्यंत. १९७३ साली तो राष्ट्रीय पायवाट म्हणून खुला झाला, पण त्यावरून माणसं आणि जनावरं हजारो वर्षं चालत आली आहेत. पूर्वेकडचा बराच भाग फुटपाथ आहे, तिथे सायकल नेऊ नका. स्ट्रीटलीपासून पश्चिमेचा जवळपास निम्मा मार्ग मात्र सायकलला खुला आहे.

सुरुवातीची चढण लांब आहे, पण छाती फोडणारी नाही. ज्यांना जमणार नाही त्यांनी उतरून सायकल ढकलावी, त्यात काही कमीपणा नाही. वर आलं की दोनशे मीटरच्या आसपास उंचीवर रुंद, गवताळ, पांढरट वाट समोर पसरते. पांढरट कारण खाली सगळा खडूचा दगड आहे. तो पाणी पटकन शोषतो, म्हणून दोन कोरड्या दिवसांनंतर वाट चालवण्याजोगी होते. चिल्टर्न्सच्या माथ्यावर खडूवर चिकणमाती आणि गारगोट्यांचा थर आहे, तिथे हिवाळाभर रबडी असते. पण ओल्या खडूवर सायकल साबणावरून घसरावी तशी घसरते, त्यामुळे पाऊस पडत असताना या उतारांवर मुलांना नेऊ नका. गारगोटी फुटली की तिची धार टायरच्या बाजूला चीर पाडते. शहरातल्या बारीक टायरची सायकल इथे चालत नाही. चाळीस-पन्नास मिलिमीटरचे, खाचांचे टायर आणि हवा थोडी कमी, एवढं असलं की साधी जुनी माउंटन बाइक पुरते. दोन-तीन हजार पौंडांच्या सायकलीची काही गरज नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण आपल्याकडे छंद लागायच्या आधी सामान येतं.

तिथून पश्चिमेला कॉम्प्टनच्या वर जुन्या बंद पडलेल्या रेल्वेवरचा पूल लागतो, मग ईस्ट इल्सलीच्या बाजूला शर्यतीच्या घोड्यांची सरावाची कुरणं. हा मुलूखच घोड्यांचा आहे. सकाळी लवकर पोचलात तर कुरणावरून दौडत जाणारी घोड्यांची ओळ दिसते, चंडोल डोक्यावर अखंड गात असतो, उत्तरेला थेम्सच्या खोऱ्यातली सगळी सपाटी उघडी पडलेली असते. ईस्ट इल्सलीच्या वरपर्यंत जाऊन त्याच वाटेने परत यायचं. नकाशावर अंतर फार दिसत नाही, पण ब्रायडलवेवर कुटुंबाचा वेग तासाला आठ-दहा किलोमीटरच असतो. डबा खाण्यात एक तास जातो. दिवस भरतो. लहान मुलं असतील त्यांनी डांबरी, सपाट अशी टेम आणि प्रिन्सेस रिझबरोमधली फिनिक्स ट्रेल निवडावी. जुन्या रेल्वेमार्गावरची ती वाट पाच-सहा वर्षांच्या मुलालाही जमते.

आता घोड्यांविषयी. मंडळाने हा दिवस ठरवला आणि बाकी काही नाही पण हा एक परिच्छेद सगळ्यांना वाचून दाखवला तरी पुरे. घोडा हा शिकार होणारा प्राणी आहे. मागून गुपचूप, वेगाने येणारी वस्तू त्याच्या लेखी वाघच. सायकलचा आवाज होत नाही, म्हणून ती त्याला मोटारीपेक्षा जास्त दचकवते. तेव्हा मागून येत असाल तर बऱ्याच अंतरावरून बोला. "हॅलो" म्हणा, "गुड मॉर्निंग" म्हणा, मराठीत बोललात तरी चालेल, घोड्याला माणसाचा आवाज ओळखीचा असतो. घंटीपेक्षा आवाज बरा. मग वेग कमी करा आणि स्वाराने मान वळवून "या" म्हणेपर्यंत मागेच थांबा. ओलांडताना जागा भरपूर सोडा, पुढे गेल्यावर लगेच जोर मारू नका. समोरून घोडा येत असेल तर थांबा, एक पाय जमिनीवर टेका, आणि त्याला दिसाल अशा जागी उभे राहा. झुडपाच्या आड सरकलात तर तो जास्त बिचकतो. गट मोठा असेल तर चार-पाच जणांच्या तुकड्या करा, कारण वीस सायकली एकामागून एक गेल्या की शांत घोड्याचाही धीर सुटतो. आणि स्पीकर आणू नका. सहलीला गाणी हवीत हे मला कळतं, पण डब्याच्या वेळी स्वतःच्या गळ्याने म्हणा. त्या वाटेवर स्पीकर वाजला तर घोड्याच्या पाठीवर बसलेल्या दहा वर्षांच्या मुलीचं हाड मोडू शकतं.

फाटक जसं होतं तसं सोडायचं, उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. गुरं-मेंढरं असतील तिथे उतरून चालायचं. पिकात शिरायचं नाही. हे आपल्या गावाकडच्या कुणालाही सांगावं लागत नाही, शहरात वाढलेल्या आपल्या मुलांना सांगावं लागतं.

ब्रायडलवेपर्यंत पोचायला लागणाऱ्या अरुंद गल्ल्यांची मला जास्त काळजी वाटते. दोन्ही बाजूंना माणसाच्या डोक्यावर जाणारी वई, मधून एक गाडी जाईल एवढा रस्ता, आणि वेगमर्यादा कित्येक ठिकाणी अजूनही ताशी ६० मैल. कायदा बनवणाऱ्यांनी यावर काम केलेलं आहे. २००० च्या ट्रान्सपोर्ट अॅक्टमध्ये 'क्वाएट लेन' म्हणून रस्ता घोषित करण्याची तरतूद आहे, जिथे चालणारे, सायकल आणि घोडे यांचा विचार आधी व्हावा. पण ती वापरणाऱ्या काउंटी थोड्याच. म्हणून अशा गल्लीत वईला चिकटून चालवू नका, थोडं मधे राहा म्हणजे वळणावरून येणाऱ्याला लवकर दिसाल. मुलं दोन मोठ्यांच्या मधे. ट्रॅक्टर दिसला की रुंद जागा बघून थांबा, हात करा, तोही करतो. सप्टेंबरपासून वई छाटायला लागतात आणि ब्लॅकथॉर्नचे काटे रस्त्याभर पडतात, तेव्हा दोन जादा ट्यूब आणि पंप प्रत्येक तुकडीकडे असू द्या. माझ्या सुचवलेल्या दिवसाला हा त्रास कमी, कारण मार्च ते ऑगस्ट पक्ष्यांच्या विणीमुळे छाटणीवर बंदी असते.

इलेक्ट्रिक सायकलींबद्दल बऱ्याच जणी विचारतात. २५० वॉटची, पायडल मारल्यावरच मदत करणारी आणि ताशी साडेपंधरा मैलांवर मदत थांबवणारी सायकल कायद्याने साधी सायकलच आहे, ब्रायडलवेवर चालते. वय चौदा पूर्ण हवं. गुडघे दुखतात म्हणून मागे राहणाऱ्या आया-मावश्यांना मंडळाने दोन-चार अशा सायकली भाड्याने आणून द्याव्यात. मंडळाच्या पैशांचा यापेक्षा चांगला उपयोग मला सुचत नाही. आमच्या शेजारच्या वहिनी साठीच्या आहेत. कॉलेज सुटल्यापासून त्या सायकलवर बसल्या नव्हत्या. आता कधी निघायचं हे त्या आम्हाला विचारतात.

आणखी एक गोष्ट, जी सहलीच्या पलीकडची आहे. सायकल आणि घोडा यांना खुल्या असलेल्या वाटा इंग्लंडमध्ये एकूण वाटांच्या जेमतेम पाचवा हिस्सा आहेत. याचं कारण बरंचसं कागदोपत्री आहे. १९४९ च्या कायद्याने प्रत्येक काउंटीला सार्वजनिक वाटांचा अधिकृत नकाशा करायला लावला. गावोगावच्या पॅरिशनी, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतींसारख्या संस्थांनी, पाहणी केली आणि शेकडो वर्षं घोडे आणि गाड्या गेलेल्या वाटाही काही ठिकाणी नुसत्या फुटपाथ म्हणून लिहिल्या गेल्या. म्हणून आजही नकाशावर हिरव्या लांब तुटक रेषेची ब्रायडलवे पॅरिशच्या हद्दीवर येते आणि पलीकडे आखूड तुटक रेषेचा फुटपाथ होते. वाट तीच, माती तीच. जुन्या पुराव्यांवरून अशा वाटांची खरी नोंद करून घेता येते. २००० च्या कायद्याने त्यासाठी १ जानेवारी २०२६ ही शेवटची तारीख घातली होती. ती पुढे २०३१ पर्यंत ढकलली गेली आणि डिसेंबर २०२४ मध्ये ही मुदतच रद्द करण्याचा विचार सरकारने जाहीर केला. स्कॉटलंडने २००३ मध्ये जवळजवळ सगळ्या मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने फिरण्याचा हक्क दिला, त्यात सायकलही आली. तिथल्या मंडळांना मी हे लिहितोय याचं हसू येईल.

इंग्लंड-वेल्समध्ये मात्र वाट वापरात असणं हाच तिचा मोठा आधार. वीस वर्षं लोक हक्काने, उघडपणे, विनाअडथळा गेले तर ती वाट सार्वजनिक धरता येते. उलट जिथे कोणी जात नाही तिथे ब्रॅम्बलची काटेरी जाळी माजते, फाटकाला साखळी पडते, आणि तक्रार करायलाही कोणी उरत नाही. तक्रार सोपी आहे: काउंटी कौन्सिलच्या राइट्स ऑफ वे विभागाच्या संकेतस्थळावर नकाशावर ठिकाण दाखवायचं, फोटो जोडायचा. वाटा मोकळ्या ठेवणं हे त्यांचं कायदेशीर कर्तव्य आहे. आपल्यात नकाशे वाचणारे, सर्वेक्षणाचं सॉफ्टवेअर लिहिणारे, जुनी कागदपत्रं चिकाटीने चाळणारे लोक कमी नाहीत. प्रत्येक मंडळाने आपल्या परिसरातली एक ब्रायडलवे निवडून वर्षातून दोनदा ती पूर्ण पाहिली आणि अडथळे कळवले, तर पॅरिश कौन्सिलच्या माणसांना आपण दिवाळीच्या पाहुण्यांपेक्षा वेगळे कोणीतरी म्हणून ओळखीचे होऊ.

व्यवस्थेचं थोडक्यात. विम्याची शंका प्रत्येक कार्यकारिणीत निघते. सायकलिंग यूके या १८७८ पासून चालत आलेल्या संस्थेशी गट संलग्न करता येतो आणि त्यातून त्रयस्थांच्या नुकसानीच्या विम्याची सोय होते. हेल्मेट इथे सक्तीचं नाही, तरी मुलांसाठी तुम्ही सक्तीचं करा. प्रत्येक तुकडीत एकाकडे १:२५,००० चा ऑर्डनन्स सर्व्हे नकाशा कागदावर असावा, वर मोबाइलची रेंज जाते. गोरिंगला रविवारी सकाळी गाड्या कमी असतात आणि रेल्वेत सायकलींना जागा मोजकी, तेव्हा निम्म्या सायकली व्हॅनने आणलेल्या बऱ्या.

रेडिंग, स्लाव आणि आसपासच्या मंडळांसाठी वाट दाखवायला मी येतो. आदल्या आठवड्यात रेक्टरी रोडपासून ईस्ट इल्सलीपर्यंत जाऊन फाटकं, चिखल, अडथळे पाहून ठेवीन आणि नकाशावर डब्याची जागाही खूण करून पाठवीन. इतर ठिकाणच्या मंडळांनी आपल्या गावचा निळा बाण शोधावा. मेचा पहिला रविवार धरून चालूया का, एवढं मात्र फेब्रुवारीच्या बैठकीत ठरवा, कारण भाड्याच्या इलेक्ट्रिक सायकली एप्रिलमध्ये मागायला गेलं तर मिळत नाहीत.

आपला,
रेडिंगचा एक सभासद